ग्रीक राजांचा इजिप्त आणि तिथलं खगोलशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलेक्झांड्रिया, टॉलेमी राजे आणि तिथे झालेल्या ताऱ्यांच्या नोंदी या विषयावर बोललं की नंतर पत्रांतून, चिठ्ठ्यांतून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले सतरा इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून मधूनमधून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. या विषयावर लिहिताना बहुतेक जण ग्रीकांची नावं घेतात आणि इजिप्शियन पुरोहितांना विसरतात. ते मला पटत नाही, आणि पुढच्या उत्तरांत ते जागोजागी दिसेल.

१. इजिप्तवर ग्रीकांचं राज्य होतं म्हणजे नेमकं कोणाचं? किती वर्षं?

इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, इजिप्तमध्ये आला तेव्हा देश इराणी सम्राटाच्या ताब्यात होता. इराणी सुभेदाराने न लढता देश सोपवला. पुढच्या वर्षी अलेक्झांडरने समुद्रकाठी अलेक्झांड्रियाची आखणी करून घेतली आणि तो पूर्वेकडे निघून गेला. इ.स.पू. ३२३ मध्ये तो बॅबिलॉनला वारला. सेनापतींनी राज्य वाटून घेतलं, त्यात लागोसचा मुलगा टॉलेमी याच्याकडे इजिप्त आला. आधी तो सुभेदार म्हणून होता, इ.स.पू. ३०५ च्या सुमाराला त्याने राजा ही पदवी घेतली. हे घराणं मूळचं मॅसेडोनियाचं, भाषा ग्रीक. इ.स.पू. ३० मध्ये सातव्या क्लिओपात्राच्या मृत्यूनंतर रोमने देश घेतला. म्हणजे राजपद जवळपास पावणेतीनशे वर्षं एकाच घराण्यात राहिलं, आपल्या पेशवाईच्या अडीचपटीहून जास्त.

२. पिरॅमिड याच राजांनी बांधले का?

नाही. गिझाचा मोठा पिरॅमिड अलेक्झांडर येण्याआधी सव्वादोन हजार वर्षांचा जुना होता. टॉलेमींनी बांधली ती देवळं: एडफूचं होरसचं मंदिर, कोम ओम्बो, फिलाई, डेंडेरा. ती इतकी अस्सल इजिप्शियन धाटणीची आहेत की आज पर्यटक त्यांनाच जुना इजिप्त समजतात. एडफूचं काम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये संपलं. राजा ग्रीक, पण भिंतीवर तो फॅरोच्या, म्हणजे जुन्या इजिप्शियन राजाच्या वेषात उभा आहे.

३. टॉलेमी राजा आणि खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी एकच ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. एकच नाहीत. राजघराण्यातल्या सगळ्या राजांचं नाव टॉलेमी होतं, म्हणून त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे आणि सोटर, फिलाडेल्फस, युएर्गेटिस अशी बिरुदं लावतात. खगोलशास्त्रज्ञ क्लॉडियस टॉलेमी त्यांच्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी, रोमन अमलात झाला. त्याने नोंदवलेले स्वतःचे वेध इ.स. १२७ ते १४१ या काळातले आहेत. 'क्लॉडियस' हे रोमन नाव आहे, त्यावरून तो रोमन नागरिक होता हे कळतं. मध्ययुगातल्या युरोपीय चित्रकारांनीही हाच घोळ केला आणि त्याच्या डोक्यावर मुकुट चढवला. या पानावर नुसतं 'टॉलेमी' असेल तिथे राजा समजू नका. राजा असेल तिथे तसं लिहिलं आहे.

४. क्लिओपात्रा इजिप्शियन होती की ग्रीक?

घराणं मॅसेडोनियन, शिक्षण ग्रीक. पण तिच्याबद्दल ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की ती इजिप्शियन भाषा बोलायची आणि तिच्या आधीच्या राजांनी ती शिकण्याची तसदीच घेतली नव्हती. पावणेतीनशे वर्षांत प्रजेची भाषा बोलणारी पहिली राज्यकर्ती वंशातली शेवटची निघाली, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

५. ग्रीक येण्याआधी इजिप्शियन लोकांना आकाशाचं कितपत ज्ञान होतं?

भरपूर, पण वेगळ्या जातीचं. त्यांना ग्रहांच्या गतीचं गणित मांडायचं नव्हतं. त्यांना दिवस मोजायचे होते आणि रात्रीचे तास.

वर्ष ३६५ दिवसांचं. ३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी ५ जादा दिवस. महिने तीन ऋतूंत वाटलेले: पुराचा, पेरणीचा आणि सुगीचा. पूर नाईलचा, आणि त्याची वर्दी देणारा तारा व्याध. आपल्या पंचांगात गुरू-शुक्राचे अस्त आणि उदय दिलेले असतात, तसाच व्याधाचाही अस्त असतो. सुमारे ७० दिवस तो सूर्याच्या तेजात बुडालेला राहतो आणि मग एका पहाटे पूर्व क्षितिजावर क्षणभर चमकतो. पुराचं पाणीही त्याच सुमाराला चढू लागायचं. तिथे व्याधाला सोपदेत ही देवी मानत.

रात्रीची वेळ कळावी म्हणून त्यांनी आकाशात ताऱ्यांचे ३६ गट निवडले होते. दर दहा दिवसांनी नवा गट पहाटेला उगवायचा. रात्रीतून असे बारा गट वेळ दाखवत, म्हणून रात्रीचे तास बारा झाले, आणि दिवसाचेही बारा. आपल्या घड्याळातल्या चोवीस तासांचं मूळ इथे आहे. फक्त ते तास सारखे नसत. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि रात्रीचा आखूड.

६. ३६५ दिवसांचं वर्ष चुकतंय हे त्यांना कळत नव्हतं का?

चांगलंच कळत होतं. चार वर्षांत एक दिवस मागे पडायचा, १२० वर्षांत एक महिना. पुराचा म्हणून ठेवलेला महिना हळूहळू कोरड्या ऋतूत जाऊन बसायचा आणि १४६० वर्षांनी फिरून जागेवर यायचा.

हे थांबवायचा पहिला प्रयत्न टॉलेमी घराण्यातल्या तिसऱ्या राजाच्या काळात झाला. इ.स.पू. २३८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ कॅनोपस गावी देशभरातले पुरोहित जमले होते. त्यांनी ठराव केला की दर चौथ्या वर्षी पाच जादा दिवसांच्या जोडीला सहावा दिवस धरायचा आणि तो राजाराणीच्या नावाने सण म्हणून पाळायचा. कारणही ठरावात दिलं आहे: हिवाळ्यातले सण उद्या उन्हाळ्यात साजरे करायची वेळ येऊ नये. हा ठराव चित्रलिपी, डेमॉटिक म्हणजे रोजच्या व्यवहारातली इजिप्शियन लिपी, आणि ग्रीक अशा तिन्ही लिप्यांत दगडावर कोरला गेला. तशाच तिन्ही लिप्यांतला रोझेटाचा दगड जास्त प्रसिद्ध असला तरी तो त्याच्या चार दशकांनंतरचा, इ.स.पू. १९६ चा आहे.

आणि ठराव कागदावर, म्हणजे दगडावरच राहिला. लोकांनी जुनंच वर्ष चालू ठेवलं. एका लॅटिन लेखनात असंही आलं आहे की राज्याभिषेकाच्या वेळी फॅरोला वर्षात दिवस न घालण्याची शपथ घ्यावी लागे. मला या प्रसंगात एक गोष्ट फार मोलाची वाटते. लीप वर्षाची स्पष्ट लेखी योजना ज्यूलियस सीझरच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी इजिप्तच्या पुरोहितांनी केली होती. सीझरने इ.स.पू. ४५ पासून रोममध्ये तीच गोष्ट लागू केली तेव्हा त्याचा सल्लागार म्हणून रोमन लेखक प्लिनीने सोसिजेनिस हे नाव दिलं आहे. इजिप्तमध्ये लीप दिवस पक्का झाला तो ऑगस्टसच्या काळात, ग्रीक राजांचं राज्य गेल्यावर.

७. मग अलेक्झांड्रियाच्या खगोलशास्त्रज्ञांनी तेच सरकतं वर्ष का वापरलं?

कारण ते सरकतं असलं तरी सारखं होतं. शेतकऱ्याला ऋतूशी जुळणारं वर्ष हवं असतं. खगोलशास्त्रज्ञाला दोन वेधांमध्ये नेमके किती दिवस गेले ते हवं असतं.

ग्रीक नगरांचे महिने चंद्रावर चालत. कुठे अधिक मास धरायचा ते प्रत्येक नगर आपलं आपण ठरवायचं. अथेन्सची तारीख दुसऱ्या नगराला लागू नाही. आपल्याकडे करणग्रंथांवरून, म्हणजे पंचांगाच्या गणिताच्या पुस्तकांवरून, अहर्गण (ठरलेल्या आरंभापासून गेलेले दिवस) काढणाऱ्याला अधिक मास आणि क्षय तिथी सांभाळताना काय कष्ट पडतात ते ज्यांनी केलं आहे त्यांना विचारा. इजिप्शियन वर्षात असली भानगडच नाही. अधिक मास नाही, लीप दिवस नाही. ४७५ वर्षं म्हणजे ४७५ गुणिले ३६५, झाले १,७३,३७५ दिवस. संपलं.

टॉलेमीने आपल्या 'अल्माजेस्ट' या खगोलशास्त्राच्या ग्रंथातलं कालगणित याच वर्षांवर उभं केलं. आरंभ धरला बॅबिलॉनचा राजा नॅबोनस्सार याच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे इ.स.पू. ७४७ च्या २६ फेब्रुवारीपासून. बॅबिलॉनचे, ग्रीकांचे, रोमन काळातले सगळे वेध त्याला एका सरळ रेषेवर मांडता आले. सोळाव्या शतकात कोपर्निकसनेही ग्रहांची कोष्टकं मांडताना इजिप्शियन वर्षच घेतलं. नाईलकाठच्या पुरोहितांची ही दिवस मोजण्याची रीत शतकानुशतकांच्या ज्योतिर्गणिताचा कणा आहे, आणि खगोलशास्त्राच्या इतिहासात तिला सहसा दोन ओळी मिळतात.

८. अलेक्झांड्रियात वेधशाळा होती का?

राजाच्या खर्चाने चालणारं म्यूझियन हे विद्वानांचं निवासस्थान होतं आणि त्याला जोडून ग्रंथालय होतं. पण जंतरमंतरसारखी वेधशाळेची इमारत डोळ्यांसमोर आणू नका. उपकरणं सार्वजनिक जागी असत. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कस याने अलेक्झांड्रियाच्या चौकोनी ओसरीतल्या एका काशाच्या कड्याचा उल्लेख केला आहे. कडं विषुववृत्ताच्या प्रतलात तिरकं बसवलेलं. संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी सूर्य बरोबर त्या प्रतलात आला की कड्याच्या वरच्या अर्ध्याची सावली खालच्या अर्ध्याच्या आतल्या बाजूवर पडते, आणि तो क्षण नोंदायचा. पुढे टॉलेमीने तक्रार केली आहे की व्यायामशाळेतली जुनी कडी इतकी हलली आहेत की कधी कधी एकाच संपाताला प्रकाश दोनदा बाजू बदलतो. उपकरणावर आंधळा विश्वास न ठेवता त्याचा दोष लिहून ठेवणारी ही वृत्ती मला मोठी वाटते.

९. एराटोस्थेनिसने पृथ्वीचा घेर नुसत्या सावलीवरून कसा काढला?

हे महाराष्ट्रात बसून समजणं सगळ्यात सोपं. आपलं सगळं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुणे-मुंबईकडे पहिला असा दिवस मेच्या मध्याला येतो. शाळांतून शून्य सावलीचा दिवस म्हणून तो हल्ली पाहतात.

एराटोस्थेनिस हा सायरीनचा, टॉलेमी घराण्याच्या तिसऱ्या राजाने त्याला ग्रंथपाल म्हणून आणलं. त्याला माहीत होतं की दक्षिणेला सायीनी गावी, म्हणजे आजच्या अस्वानला, दक्षिणायन लागतं त्या दिवशी मध्यान्ही सावली पडत नाही. सायीनी कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते, आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात, म्हणजे हा कोन पृथ्वीच्या गोलाईमुळे आहे. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया धरलं होतं (स्टेडियन हे ग्रीकांचं लांबीचं माप). पन्नासपट केली की २,५०,००० स्टेडिया. ६० ने नि:शेष भाग जावा म्हणून पुढे हा आकडा २,५२,००० झाला.

अंतर कोणी मोजलं? उशिराच्या एका रोमन लेखकाने म्हटलंय की राजाच्या मोजणीदारांनी. पूर ओसरला की दरवर्षी शेतांच्या हद्दी नव्याने आखणारा हा देश. मोजणीदार इथे पिढीजात होते.

१०. त्याचं उत्तर अचूक आलं असं वाचतो. ते खरं का?

इथे सावध राहा. एक स्टेडियन म्हणजे किती मीटर यावर सगळं अवलंबून आहे. १५७.५ मीटर धरलं तर २,५२,००० स्टेडियांचे ३९,६९० किलोमीटर होतात, प्रत्यक्षातल्या सुमारे ४०,००० च्या अगदी जवळ. १८५ मीटर धरलं तर ४६,६२० होतात. लोकप्रिय पुस्तकं पहिला आकडा उचलतात आणि दुसऱ्याबद्दल गप्प राहतात. शिवाय अस्वान कर्कवृत्तावर तंतोतंत नाही, आणि ते अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेला नसून तीनेक अंश पूर्वेला आहे. या चुका थोड्याशा एकमेकींना खोडतात. रीत मात्र निर्दोष आहे, आणि मोठेपण तिच्यात आहे.

अशीच दुसरी रीत अगस्तीच्या ताऱ्यावरून आहे. पोसिडोनियस या ग्रीक विद्वानाने सांगितलं की ऱ्होड्स बेटावरून अगस्ती क्षितिजाला नुसता टेकतो, तर अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका वर येतो. अथेन्सहून हा तारा दिसतच नाही. पश्चिमी जगात या ताऱ्याचं नाव कॅनोपस आहे, प्रश्न ६ मधल्या गावाचं तेच.

११. सूर्य मध्यभागी आहे असं तिथे कोणीतरी म्हटलं होतं ना?

ॲरिस्टार्कसने, तो सामोस बेटावरचा. त्याचा गुरू स्ट्रॅटो हा दुसऱ्या टॉलेमी राजाचा शिक्षक होता. ॲरिस्टार्कसने इ.स.पू. २८० मध्ये अयनबिंदूचा वेध घेतल्याची नोंद आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याचं मत आपल्यापर्यंत आर्किमिडीजच्या लेखनातून आलं. त्याच्या स्वतःच्या हातचं जे उरलं आहे त्यात चंद्र-सूर्याची अंतरं आहेत. अर्धचंद्राच्या वेळी चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन त्याने ८७ अंश धरला, म्हणून सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर निघाला. खरा कोन ८९ अंश ५१ कलांच्या आसपास आहे आणि खरं अंतर जवळपास ३९० पट.

एक गल्लत टाळा. इ.स.पू. १४५ च्या सुमाराला आठव्या टॉलेमी राजाने विद्वानांना हाकललं तेव्हा पळून गेलेला ॲरिस्टार्कस वेगळा. तो सॅमोथ्रेसचा, भाषापंडित.

१२. चित्रा नक्षत्राचा अलेक्झांड्रियाशी काय संबंध?

फार जवळचा. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी टिमोकॅरिस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने अलेक्झांड्रियातून ताऱ्यांच्या जागा मोजल्या. चित्रा तारा त्याच्या मापनात शरद संपातापासून ८ अंशांवर होता. दीडशेएक वर्षांनी हिप्पार्कसने मोजलं तर तो ६ अंशांवर होता. तारा सरकला की संपात? बाकीचे तारेही तसेच सरकलेले दिसले, म्हणून त्याने निष्कर्ष काढला की संपातबिंदूच चळतो. वेग त्याने शंभर वर्षांत निदान एक अंश ठरवला. खरा वेग सुमारे ७२ वर्षांत एक अंश. मराठी पंचांगकर्त्यांत केतकर आणि टिळक यांच्या अनुयायांचा चित्रापक्ष आणि रैवतपक्ष असा जो वाद झाला, तो याच सरकण्याची सुरुवात कुठून धरायची याचा होता.

टिमोकॅरिसची आणखी एक नोंद सांगतो. इ.स.पू. २७२ च्या ऑक्टोबरात त्याने शुक्राला कन्या राशीतल्या एका ताऱ्यावर आलेलं पाहिलं. नोंदीवर साल दुसऱ्या टॉलेमी राजाचं १३ वं आणि महिना इजिप्शियन, मेसोरे. निरीक्षक ग्रीक, दिनदर्शिका इजिप्तची. प्रश्न ७ मधली गोष्ट त्या एका ओळीत दिसते.

१३. राशी इजिप्शियन लोकांनी शोधल्या ना? डेंडेराच्या छतावर त्या कोरलेल्या आहेत.

बारा समान राशींचं चक्र बॅबिलॉनचं, इ.स.पू. पाचव्या शतकातलं. इजिप्तमध्ये ते टॉलेमी राजांच्या काळात आलं. डेंडेराच्या हाथोर मंदिराच्या गच्चीवरच्या एका खोलीचं हे छत इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याचं आहे. त्यात मकर राशी पुढून बकरा आणि मागून मासा अशी आहे, ती थेट बॅबिलॉनची. मध्यावर बैलाचा पुढचा पाय आहे, ते इजिप्शियनांचे सप्तर्षी. शेजारी उभी पाणघोडी, तीही त्यांचीच. आणि कडेने चालत निघालेले ३६ देव म्हणजे प्रश्न ५ मधले ३६ तारकागट. दोन देशांचं आकाश एका दगडात कोरलं आहे, आणि इजिप्शियन पाथरवटाने आपलं काहीही टाकून दिलेलं नाही.

१८२१ मध्ये एका फ्रेंच माणसाने करवती आणि सुरुंगाची दारू वापरून हे छत कापून काढलं. आज ते पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे आणि डेंडेराच्या छतावर त्याची नक्कल.

१४. ग्रीकांनी इजिप्शियनांचं ज्ञान चोरलं असं म्हणणं बरोबर आहे का?

सरसकट नाही. कोनांची भूमिती आणि ग्रहांची गोलाकार मांडणी ग्रीकांची आहे. ग्रहणांच्या जुन्या नोंदी आणि साठ भागांची मोजणी बॅबिलॉनची. इजिप्तची दिवसगणना आणि चोवीस तास. पण इजिप्शियन लोक नुसते बघत बसले होते असंही नाही. ग्रीक राजांच्या काळातल्या हारखेबी नावाच्या पुरोहिताचा पुतळा सापडला आहे. त्यावरच्या लेखात तो सांगतो की आकाशातलं आणि पृथ्वीवरचं सगळं तो पाहतो, ताऱ्यांचे उदय-अस्त जाणतो, व्याधाचा उदय आधी सांगतो. तोच विंचू आणि साप उतरवणाराही होता. डेमॉटिक लिपीतल्या एका पपायरसवर चांद्रमासांचं २५ वर्षांचं चक्र आहे: २५ इजिप्शियन वर्षं म्हणजे ९,१२५ दिवस, आणि त्यात ३०९ चांद्रमास. स्वतः हिशेब करून पाहा, चूक सव्वा तासाच्या आसपास येते. हे देवळात केलेलं गणित आहे.

मान मात्र सारखा मिळाला नाही. दरबाराची भाषा ग्रीक. न्यायालयं दोन, आणि इ.स.पू. ११८ च्या एका राजाज्ञेत करार कोणत्या भाषेत आहे त्यावरून खटला कुठे चालेल ते ठरवलं आहे. इ.स.पू. २०५ ते १८६ दक्षिणेत थीब्जला इजिप्शियन फॅरोंनी वेगळं राज्य चालवलं, ते शेवटी मोडलं गेलं. म्हणून आज ग्रीक शास्त्रज्ञांची नावं पुस्तकांत आहेत आणि दिवस मोजणाऱ्या पुरोहितांची, हारखेबीसारखे मोजके सोडले तर, नाहीत.

१५. ग्रंथालय जळलं नसतं तर विज्ञान हजार वर्षं पुढे गेलं असतं का?

इ.स.पू. ४८ मध्ये सीझरच्या लढाईत आग लागली, हे खरं. पण टॉलेमीने आपला मोठा ग्रंथ अलेक्झांड्रियातच लिहिला, त्या आगीनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. १,०२२ तारे आणि ४८ तारकासमूहांची यादी असलेला तो ग्रंथ आजही आहे. इ.स. ३६४ मध्ये तिथेच थिऑन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यग्रहणाचा वेध घेतला. एका आगीने सगळं संपलं ही गोष्ट ऐकायला ठसठशीत आहे, पण तशी घडलेली नाही. पपायरस नव्याने उतरवला नाही की आपोआपच जातो. नुकसान हळूहळू, नकला करणारे कमी होत गेले तसं झालं.

१६. याचा भारताशी खरा संबंध कोणता? की सगळं ओढूनताणून?

शब्दांत पुरावा आहे. होरा, केंद्र, जामित्र, लिप्ता हे संस्कृत ज्योतिषातले शब्द ग्रीकमधून आले. द्रेष्काण म्हणजे राशीचा तिसरा भाग, दहा अंशांचा. बारा राशींचे ३६. हेच ते इजिप्तचे ३६ तारकागट, ग्रीक शब्दाचं बोट धरून पत्रिकेत येऊन बसलेले.

वारांचा क्रमही असाच. ग्रह दुरून जवळ असे मांडा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. एकेका होऱ्याला, म्हणजे तासाला, एकेक स्वामी द्या. २४ होरे संपले की पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा शनीनंतर रवीला मिळतो, मग चंद्राला, मग मंगळाला. चोवीस तास इजिप्तचे नसते तर शनिवारनंतर रविवार आला नसता. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला जुना कालनिश्चित लेख एरणचा, इ.स. ४८४ चा, गुरुवारचा.

वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत यवनपुर आणि अवंती (उज्जैन) यांच्या वेळेतलं अंतर ७ नाडी २० पळं दिलं आहे. यवनपुर म्हणजे अलेक्झांड्रिया धरतात. एका नाडीला ६ अंश, म्हणजे ४४ अंश. अलेक्झांड्रिया आणि उज्जैन यांच्या रेखांशांतलं खरं अंतर ४६ अंशांच्या जवळ आहे. त्यातल्याच रोमक सिद्धांताचं वर्ष ३६५ दिवस ५ तास ५५ मिनिटं १२ सेकंदांचं, हिप्पार्कसच्या वर्षाइतकं तंतोतंत. आणि बृहत्संहितेत त्याने यवनांना म्लेच्छ म्हणूनही या शास्त्रापुरतं ऋषींप्रमाणे पूज्य मानलं आहे. उलट दिशेलाही नोंद आहे: टॉलेमीच्या भूगोलात बैठण, म्हणजे आपलं पैठण, सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी म्हणून येतं. आणि १७३२ मध्ये सवाई जयसिंहासाठी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणणारे पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात.

१७. ते जुनं इजिप्शियन वर्ष आज कुठे चालू आहे का?

आहे. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांची दिनदर्शिका तीच: ३० दिवसांचे १२ महिने, शेवटी ५ दिवस, आणि दर चौथ्या वर्षी सहावा. सहावा दिवस कॅनोपसच्या पुरोहितांनी मागितला होता तसाच. महिन्यांची नावंही जुन्या नावांवरून आली आहेत. पहिला महिना तूत, जुना थोथ. त्याचा पहिला दिवस आपल्या ११ सप्टेंबरला येतो, लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ ला, आणि त्या दिवशी तिथे नवं वर्ष साजरं होतं.